चार इंची हाय-पॉवर रॉकेट: किट जोडण्यापासून सोयाबीनच्या वावरात उतरेपर्यंत

लेथवाला (दारव्हा तालुका)
रविवार, रात्री ९:२०

मंडळी, नमस्कार. पावसाळ्याच्या सुरुवातीला मी इथं विचारलं होतं की ३८ मिमी मोटरचं रॉकेट किट कोणी जोडलंय का (मोटर म्हणजे इंधन भरलेली नळी, ती जळून रॉकेटला वर ढकलते). आता आमचं रॉकेट जोडून, उडवून आणि खाली आणून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल. ज्यांना फक्त 'मोटर कुठून आणली' एवढंच विचारायचं आहे त्यांनीही पूर्ण वाचा ही विनंती, कारण त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही.

किट ताईनं आणलं. ती टेक्सासमध्ये असते, गावी आली तेव्हा बॅगेत घेऊन आली. मोटर अर्थातच नाही, ती विमानात चालत नाही. आत चार इंच व्यासाच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, प्लास्टिकचं टोक, पाव इंची प्लायवूडचे तीन पंख, मोटर बसवायची ३८ मिमीची नळी, ती मधोमध धरणाऱ्या प्लायच्या कड्या आणि नायलॉनचा लांब पट्टा. पॅराशूट वेगळं घेतलं, ४८ इंची.

हाय-पॉवर म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी सांगतो. मोटरचा वर्ग अक्षरांनी ओळखतात. ए, बी, सी असं पुढं जाताना दर अक्षराला एकूण जोर दुप्पट होतो. जी वर्ग १६० न्यूटन-सेकंदांवर संपतो, त्यापुढचा एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत. एचपासून पुढं हाय-पॉवर. मोटरच्या नावात अक्षरापुढचा आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचा बार उडेल तो.

आता जोडणी. माझं वर्कशॉप आहे, मोजमापाची सवय आहे, तरी एका ठिकाणी महिना गेला. तेच आधी सांगतो.

मोटरची नळी आणि कड्या यांचा जोड हा रॉकेटचा कणा. मोटरचा सगळा रेटा त्या जोडातून अंगावर जातो. मी इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून लावायचा गोंद) तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून घेतलं. रात्री लावलं, सकाळी पाहिलं तर वरून कडक. नख दाबलं तर दबलं. दुसऱ्या दिवशी तेच, आठ दिवसांनी तेच, गुळाच्या पाकासारखं चिवट. हार्डनर कधीचा पडून होता कोणास ठाऊक, डब्यावरची तारीख खरवडलेली होती. वरवर पाहता जोड चांगला दिसत होता आणि धोका तिथंच होता. मी नळीला आतून लाकडी गट्टू लावून वजनकाट्याचा हूक अडकवला आणि ओढलं. १३ किलोला वरची कडी सरकली. आमच्या मोटरचा रेटा १३० न्यूटन, म्हणजे तेवढाच साधारण १३ किलोचा ओढ. उड्डाणात मोटर रॉकेटच्या आतूनच वर निघून गेली असती.

सगळं कापून काढलं. कड्या नवीन कापल्या, नळी पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केली, इपॉक्सी नागपूरहून मागवलं. या वेळी आधी टाकाऊ प्लायच्या दोन तुकड्यांवर लावून पाहिलं. जोड तोडल्यावर प्लायची साल निघाली पाहिजे, गोंद सुटता कामा नये. तेव्हाच खऱ्या कामाला हात लावला. आता ४० किलोला ओढूनही हलत नाही.

इपॉक्सीबद्दल आपल्या भागासाठी आणखी एक. डब्यावर ३० मिनिटं लिहिलेलं असतं ते थंड हवेतलं. आपल्या मे महिन्यात वाटीतच उकळतं. थोडं थोडं मिसळा, पसरट झाकणात घ्या, खोल वाटीत नको. आणि जुलैत उलटी तऱ्हा: दमट हवेनं पुठ्ठा फुगतो. जोडनळी जूनमध्ये सैल बसत होती ती श्रावणात अडकली. तेव्हा घाईनं घासू नका. आमच्या एका पोरानं घासली आणि दिवाळीत ती ढिली झाली, मग टेपचा वेढा द्यावा लागला.

पंख बसवताना नळीवर कागद गुंडाळून त्याचे तीन सारखे भाग केले, ॲल्युमिनियमची अँगल पट्टी टेकवून सरळ रेघा मारल्या. पंख नळीच्या भिंतीतून आत जाऊन मोटरच्या नळीला टेकतात, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे चिकटतात. सांध्यात इपॉक्सीचा गोलसर भराव, बोटानं फिरवून. हे काम सावकाश करायचं. एक बाजू भरली की रॉकेट आडवं ठेवून ती सुकू द्यायची, मगच पुढची.

पुढचं उद्या लिहितो. अजून वावराचं आणि उड्डाणाचं बाकी आहे.

---

पोट्टा_आर्णीचा
रविवार, रात्री १०:०५

भाऊ लय भारी. मले एक सांगा, साखर अन् खत वापरून घरीच इंधन बनवते म्हणतात, व्हिडिओ बी हायेत. मंग मोटरसाठी येवढं थांबाचं काऊन? मी अन् माह्या दोस्तानं सामान आणून ठेवलं हाय.

---

सेमिनरी_हिल्स (नागपूर)
रविवार, रात्री १०:४०

बाबू, आणलेलं सामान आहे तसं राहू दे, चुलीवर चढवू नकोस. मी वीस वर्षं स्फोटकांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम केलंय, म्हणून हक्कानं सांगतो.

घन इंधनाच्या मोटरचा दाब, आत जळणारा पृष्ठभाग किती आहे त्यावर ठरतो. ओतलेल्या इंधनात हवेचा बुडबुडा राहिला, किंवा गार होताना केसाएवढी भेग पडली, की आग त्या भेगेत शिरते. पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो, दाब वाढला की जळणं आणखी जोरात. नळी तोंडातून मोकळी व्हायच्या आत फुटते. बाहेरून बघून भेग दिसत नाही. नळी लोखंडाची असेल तर तिचे तुकडे होतात, आणि ते तुकडे किती दूर जातात ते मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे, सध्याचे नियम २००८ चे. परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. देशभराचे हे परवाने पाहणाऱ्या संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सला. विदर्भातल्या माणसाला विचारायला जायला दूर नाही.

---

लेथवाला
सोमवार, सकाळी ६:५०

@पोट्टा_आर्णीचा, तुझं वय किती मला माहीत नाही, पण माझ्या वर्कशॉपमध्ये तुझ्यासारखाच एक पोरगा शिकायला येत होता. हात सोन्याचा. लेथवर धागा पाडायचा तर मोजायला लागायचं नाही. त्यानं घरी कढईत असंच काही शिजवलं. उजव्या हाताची बोटं आज पूर्ण मिटत नाहीत. तो आता लेथवर उभा राहत नाही. मी त्याच्या आईसमोर बसलोय, तेव्हा काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं.

रॉकेटमध्ये शंभर कामं आहेत जी आपल्या हातानं होतात आणि व्हावीत: नळी, पंख, टोक, पॅराशूट, वायरिंग, लाँच पॅड, गणित. मोटर एवढीच एक गोष्ट आहे जी आपण बनवायची नाही. तुला यायचं असेल तर वर्कशॉपला ये. दोस्तालाही घेऊन ये.

---

मास्तर_कारंजा
सोमवार, दुपारी १:१५

लेथवाले भाऊ, वाचून फार आनंद झाला. निवृत्त झालो तरी पोरांना शिकवायची खोड जात नाही. केरळातल्या थुंबाहून १९६३ च्या नोव्हेंबरात पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकेचं नायकी-अपाची होतं. आपलं स्वतःचं रोहिणी आरएच-७५ चार वर्षांनी, १९६७ मध्ये. नावातला ७५ म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये. तुमचं चार इंच म्हणजे १०२ मिमी होतं. पोरांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतील.

एक शंका. रॉकेट सरळ जाईल की गटांगळ्या खाईल हे आधी कसं तपासलंत? पाण्याच्या बाटलीचं रॉकेट आम्ही दोरी बांधून डोक्यावर गरगर फिरवत असू. दोन किलोचं धूड तसं फिरवता येणार नाही.

---

लेथवाला
सोमवार, रात्री ८:३०

मास्तर, प्रश्न नेमका विचारलात. दोन बिंदू लागतात. एक गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट ज्या ठिकाणी दोरीवर समतोल लटकतं तो. दुसरा दाबमध्य, म्हणजे बाजूनं वारा लागला तर तो सगळा मिळून ज्या ठिकाणी ढकलतो तो. गुरुत्वमध्य पुढं, टोकाकडे हवा आणि दाबमध्य मागं, पंखांकडे. अंतर निदान एका व्यासाएवढं. बाणाला पिसं मागं असतात ते यासाठीच. दाबमध्याची समीकरणं जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली, पण हातानं सोडवायची गरज नाही. ओपनरॉकेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेलं. मापं भरली की ते काढून देतं.

पण सॉफ्टवेअरला तुम्ही शेपटाकडे किती इपॉक्सी थापलं ते कळत नाही. कड्या दोनदा बसवल्यामुळे आमचं शेपूट जड झालं होतं. मोटरच्या वजनाची लोखंडी कांडी आत घालून रॉकेट आढ्याला सुतळीनं टांगलं, तर अंतर एका व्यासापेक्षा कमी भरलं. (मोटर घालूनच मोजायचं, रिकामं मोजून उपयोग नाही. मोटर मागं असते, ती गुरुत्वमध्य मागं ओढते.) मग टोकाच्या पोकळीत वजन घालायचं ठरलं. वर्कशॉपमध्ये जुन्या बेअरिंगचे छर्रे डबाभर पडलेले असतात. ९० ग्रॅम मोजले, टोक उलटं बादलीतल्या वाळूत उभं केलं, छर्रे टाकले, वरून इपॉक्सी ओतलं. परत टांगलं, सव्वा व्यास. पोरांनी स्वतः सुतळी सरकवून बिंदू शोधला आणि पेन्सिलनं नळीवर फुली मारली. ती फुली रंगाखालून अजून दिसते.

---

टेक्सासवाली_ताई
मंगळवार, पहाटे ५:१०

मी याची ताई, किट आणणारी. इकडची पद्धत सांगते, तिकडे तशीच्या तशी नसली तरी विचार करायला उपयोगी पडेल.

इकडे एनएआर आणि ट्रायपोली अशा दोन संघटना आहेत. त्यांचा लेव्हल वन दाखला असल्याशिवाय एच किंवा आय मोटर उडवता येत नाही. वय अठरा पूर्ण हवं. स्वतः जोडलेलं रॉकेट सगळ्यांसमोर उडवायचं आणि ते पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत परत आणून दाखवायचं. वर सुंदर गेलं आणि पॅराशूट उघडलं नाही, तर नापास. जे, के, एल साठी लेव्हल टू, त्याला लेखी परीक्षाही आहे. एमपासून पुढं लेव्हल थ्री.

मला या नियमातली एक गोष्ट फार आवडते. किती उंच गेलं हे कोणी विचारतच नाही. धाकट्याला मी किट देताना तेच बजावलं होतं.

---

लेथवाला
मंगळवार, रात्री ९:००

ताईनं बजावलं होतं आणि मी ते अर्धंच ऐकलं होतं. त्याबद्दलच आज लिहितो.

आधी मोटर कशी मिळाली. जवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजची पोरं इन-स्पेसच्या (खासगी अवकाश कामांना परवानगी देणारी केंद्र सरकारची संस्था) मॉडेल रॉकेट स्पर्धेची तयारी करत होती. त्यांच्या सरावाच्या उड्डाणासाठी परवानाधारक उत्पादकाची माणसं मोटर घेऊन येणार होती. परवानग्या, पोलीस, प्रशासन, हवाई वाहतूक, सगळा पत्रव्यवहार कॉलेजनं तीन महिने केला. मी त्यांच्या प्राध्यापकांना जाऊन भेटलो, रॉकेट दाखवलं, ओढून पाहिलेल्या जोडाचे आकडे दाखवले. त्यांनी त्यांच्या यादीत आमचं एक उड्डाण धरलं. मोटर आम्ही हातातही घेतली नाही. उत्पादकाच्या माणसानं आणली, त्यानंच बसवली, त्यानंच मागची कडी आवळली. दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

जागा मात्र आमची होती. मोठेबाबांचं वावर आणि त्याला लागून तिघांचं, असं मिळून पंचावन्न एकर सोयाबीन एका पट्ट्यात. सोंगणी, मळणी होऊन मोकळं झालेलं. लांबी-रुंदी साधारण पावणेपाचशे मीटर. अमेरिकेतल्या नियमात हाय-पॉवरला कमीत कमी १,५०० फूट रुंद जागा सांगितली आहे, म्हणजे ४५७ मीटर. त्यात बसलो. दक्षिणेला आणि पश्चिमेला मात्र कपाशी, पहिली वेचणी चालू.

उत्पादकाकडे दोन मोटर होत्या. एक एच, साधारण २१० न्यूटन-सेकंदांची. एक आय. दोन्ही ३८ मिमी, दोन्ही आमच्या रॉकेटला बसणाऱ्या. माझं मन आयवर होतं हे कबूल करतो. ओपनरॉकेटमध्ये आयनं साडेसातशे मीटर दाखवलं, एचनं ३६०. पोरांनाही आय हवी होती.

मग मोठेबाबांनी विचारलं, "वरतं जाईन ते ठीक, पडन कोणाच्या वावरात?"

त्या रात्री बसून हिशेब केला. मोटर जळून गेल्यावर रॉकेट पावणेदोन किलोचं. ४८ इंची पॅराशूटखाली ते सेकंदाला साडेपाच-पावणेसहा मीटरनं उतरतं. साडेसातशे मीटरवरून उतरायला सव्वादोन मिनिटं. सकाळी वारा सेकंदाला चार मीटर धरला तर तेवढ्या वेळात ते सव्वापाचशे मीटर वाहत जाणार. आमचं वावर संपूर्ण पार करून कपाशीत. एचनं उतरायला मिनिटभर, म्हणजे २४० मीटर. वावराच्या आत.

कपाशीत पडलं तर काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. बोंडं फुटलेली आहेत. रॉकेट शोधायला पंधरा पोरं ओळींमधून धावणार, फांद्या मोडणार, कापूस मातीत पडणार. मातीचा कापूस व्यापारी कोणत्या भावानं घेतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि वेचणीला बाया असतात, ओणव्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. वर बघत नाहीत.

पॅराशूट लहान करून लवकर उतरवता आलं असतं, पण मग पंख मोडतात. वखरलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ वाळलं की दगडासारखं असतं.

एच ठरली. पोरं दिवसभर रुसली. मी त्यांना वहीत तो गुणाकार स्वतः करायला लावला, मग कोणी काही म्हणालं नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणून पॅड वावराच्या ईशान्येकडे ठेवलं, म्हणजे वाहत जायला नैर्ऋत्येला सगळं वावर मोकळं. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, नऊ वाजेपर्यंत आम्ही धुऱ्यावरच बसतो, दव असते तोवर वेचणी होतच नाही.

---

कपाशीची_लेक (अकोला, कृषी पदवी)
मंगळवार, रात्री १०:२५

दादा, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या बाबांच्या वावरात लग्नातल्या फटाक्याचं कांडं पडून कुटाराचा ढीग जळला होता, त्यामुळे विचारते. पॅराशूट बाहेर फेकायला आत बार उडतो ना? मग पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये काय घालता? आपल्याकडे कापूस भरपूर, एकानं तोच सुचवला.

---

लेथवाला
बुधवार, सकाळी ७:१५

ताई, कापूस अजिबात नको. बार उडाला की तो पेटतो आणि पेटता बोळा वरून खाली येतो. खाली वाळलेलं कुटार, पऱ्हाटी, गवत. लाखाचं नुकसान.

आम्ही नोमेक्सचं चौकोनी फडकं वापरलं. ते आग धरत नाही. पॅराशूट त्यात पानाच्या विड्यासारखं गुंडाळायचं आणि ती बाजू मोटरकडे ठेवायची. अमेरिकेत घराच्या भिंतीत भरायचा कागदी लगदाही वापरतात, पण त्याला बोरेटची प्रक्रिया केलेली असते म्हणून तो पेटत नाही. साधा कागद किंवा कापूस त्या जागी चालत नाही.

आगीसाठी आम्ही पॅडभोवतीची जागा वखरून घेतली, कुटाराचे ढीग आधीच ट्रॉलीनं हलवले, बारदाना भिजवून ठेवला. सहा फवारणी पंप धुऊन साध्या पाण्यानं भरून सहा जणांच्या पाठीवर. पाठीवरच्या पंपासारखं आग विझवायचं हलकं साधन वावरात दुसरं नाही. (पंप धुवा म्हणजे खरंच तीनदा धुवा.)

---

पोट्टा_आर्णीचा
बुधवार, दुपारी ४:३०

भाऊ, सामान दुकानदाराले वापस केलं. त्यानं पैसे अर्धेच देल्ले. रविवारी येऊ का?

---

लेथवाला
बुधवार, रात्री ९:४५

ये. सकाळी आठला. जुना शर्ट घालून ये, इपॉक्सी निघत नाही.

आता उड्डाण. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहाटे साडेपाचला वावरात पोहोचलो तेव्हा दव एवढं की पुठ्ठ्याच्या नळीवर बोट फिरवलं तर पाणी निघत होतं. रॉकेट जीपमध्येच घोंगडीत ठेवलं, ऊन येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

पॅड वर्कशॉपमध्ये बनवलं: तीन पाय, मध्ये ॲल्युमिनियमची आठ फुटी खाचेची पट्टी. रॉकेटला दोन बटणं असतात, ती खाचेत सरकतात. काळ्या मातीत पाय रुततात, म्हणून खाली फरशीचे तुकडे. पट्टीची लांबी महत्त्वाची. पट्टी सोडताना वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास हवा, त्याखाली पंखांना हवेची पकड मिळत नाही. आमचं उड्डाणाचं वजन १.९ किलो, रेटा १३० न्यूटन, म्हणजे वजनाच्या सातपट. निदान पाचपट असावा असं धरतात.

पेटवायला १२ व्होल्टची बॅटरी, तीही फवारणी पंपाचीच. किल्ली लावल्याशिवाय बटण चालत नाही, आणि किल्ली पॅडवर काम करणाऱ्याच्या खिशात. एच मोटरला कमीत कमी ३० मीटर लांब राहायचं असा नियम आहे. कॉलेजनं ६० ठेवले, पोरांना आणखी मागं, २०० मीटरवर. तिथं त्यांचं दुसरं काम होतं, ते शेवटी सांगतो.

सात चाळीसला मोजणी. पाच, चार, तीन, दोन, एक. बटण दाबलं. काही नाही.

पोरं लगेच पुढं निघाली. प्राध्यापकांनी ओरडून थांबवलं. किल्ली काढायची आणि एक मिनिट कोणी हलायचं नाही, हा नियम आहे. आम्ही दोन मिनिटं थांबलो. आयुष्यातली लांब दोन मिनिटं होती. मग उत्पादकाचा माणूस एकटा गेला. मोटर पेटवायच्या तारांच्या मगरचिमट्यांच्या दातांत दवानं ओली झालेली माती. घासून परत लावले.

दुसऱ्या वेळी बटण दाबलं तेव्हा क्षणभर धूर दिसला आणि मग तो आवाज. दिवाळीच्या बाणासारखा सूं नाही, कापड टराटरा फाडल्यासारखा, छातीत लागणारा. दीड सेकंदात मोटर संपली. त्यानंतरची शांतता मला आवाजापेक्षा जास्त लक्षात आहे. रॉकेट वरच चाललं होतं, बारीक होत, किंचित वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवत. वाऱ्याकडे झुकणं स्थिर रॉकेटचा स्वभावच आहे. सात सेकंद मोजले. वर पांढरा ठिपका फुटला, मग आवाज आला.

आणि पॅराशूट उघडलं नाही. बाहेर आलं, पण गुंडाळीच राहिली, पडवळासारखी लांब. आदल्या रात्रीच घडी घालून ठेवली होती आणि टाल्कम पावडर लावायची राहिली होती. ओलाव्यानं नायलॉनचे पदर चिकटले. मी श्वास घेत नव्हतो. तीन सेकंद असतील. मग एक झटका, आणि घुमट भरला. भगवा-पांढरा. धुऱ्यावरच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या, ते आम्हाला इतक्या लांबून ऐकू आलं.

पॅडपासून २१५ मीटरवर उतरलं, आमच्याच वखरलेल्या वावरात. कपाशी तिथून अजून सत्तर-ऐंशी मीटर पुढं होती.

एका पंखाचं टोक ढेकळावर आपटून टवका निघाला. बाकी शाबूत. मोटरची नळी हलवून पाहिली, जागची हललेली नाही.

---

मास्तर_कारंजा
गुरुवार, सकाळी ६:०५

वाचता वाचता चहा गार झाला. पोरांचं ते दुसरं काम कोणतं, ते राहिलं.

---

सेमिनरी_हिल्स
गुरुवार, सकाळी ९:३०

मोटर परवानाधारकानंच बसवली आणि न पेटल्यावर एकट्या माणसानं पुढं जायचं हे पाळलंत, याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वेळी जागेचा नकाशा टाका, कॉलेजच्या पोरांना अर्जासाठी उपयोगी पडेल.

---

टेक्सासवाली_ताई
गुरुवार, रात्री ८:००

टवका निघालेला पंख बदलू नकोस. कोपरा तिरपा कापून इपॉक्सीनं प्लायचा तुकडा जोड, वरून पातळ कापड. उरलेल्या दोन पंखांशी वजन जुळवून बघ. आणि पॅराशूटची घडी उडवायच्या दिवशी, वावरात घालायची. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं.

---

लेथवाला
गुरुवार, रात्री ९:१०

हो ताई, सांगितलं होतंस. आता घडीची यादी रॉकेटच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवली आहे, पहिल्या ओळीत टाल्कम पावडर.

मास्तर, पोरांचं काम. जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवीची चार जणं २०० मीटरवर बसली होती. पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक, वर नेम धरायला पाइपची नळी, खाली ओळंबा म्हणून सुतळीला नट. रॉकेट शेंड्याला पोहोचलं की सुतळी बोटानं दाबून धरायची. त्यातल्या एकीनं दाबली, ५९ अंश. तिनं तिथंच मातीत काडीनं गुणाकार केला. ५९ चा स्पर्शक १.६६४, गुणिले २००, साधारण ३३३ मीटर.

रॉकेटच्या आत हवेच्या दाबावरून उंची मोजणारा छोटा अल्टिमीटर होता. तो उतरल्यावर आकडा बीपनं सांगतो. आम्ही सगळे त्या ढेकळांत उकिडवे बसलो, रॉकेटला कान लावून. बीप बीप बीप. थांबला. बीप बीप बीप. थांबला. मग आठ.

तिनं परत मोजायला लावलं. पुन्हा तेच, ३३८. मग ती आपल्या ३३३ खाली रेघ मारून म्हणाली, "सर, मी खाली बसली होती ना. माह्या डोळ्याची उंची मिळवाची राहिली."